एलिव्हेशन

हरिपूर रस्त्याच्या त्या सात मजल्यांना
समोरून चार खांब आहेत, पांढरे, घेरदार.
टिचकी मारून बघा एकदा, डबा वाजतो.
वरचं काही पेलत नाहीत ते,
नुसते उभे, लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखे,
फोटोपुरते.

मी काढलेत ते.
आर्किटेक्ट पुण्यात असतात,
त्यांची सही येते, शिक्क्यासकट, कुरिअरने.
मी ड्राफ्ट्समन, जिनपाल आरवाडे,
तेवीस वर्षं याच खुर्चीत.

मगदूमशेठ पाठीमागे उभे राहून सांगायचे,
"समोरनं कसं, दुबई वाटलं पायजे.
मागनं कोण बघतंय वो?"

मागनं नदी बघते.
ब्रोशरात ती निळी होती.
नकाशात मी तिच्याकडे संडासांच्या खिडक्या दिल्या,
दोन बाय दीड, काच धुरकट, मजल्याला चार.
ज्याला कृष्णामाई बघायची असेल
त्यानं कमोडवर उभं राहावं.

नदीवरनं वारा येतो तो डक्टात शिरतो
आणि पाचव्या मजल्यावरची सुकटीची फोडणी
सातव्यावरच्या देवघरात नेऊन ठेवतो.
हॉलला मात्र जमिनीपासून छतापर्यंत काच.
एप्रिलात आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली असतात.
रस्त्यावरून मला कधीकधी
मागच्या वर्षीच्या बातम्या वाचता येतात.

पार्किंगच्या भिंतीवर पुरानं रेघ ओढली होती,
सरळ, पट्टी लावून ओढावी तशी.
त्यावर टेक्श्चर मारलं. दोन रंगांत.

एवढं सगळं मी हसत सांगतो लोकांना,
चहाबरोबर.
जिन्याचं सांगत नाही.

जिन्याच्या वळणाला शेठ म्हणाले होते,
"नऊ इंच काढा हितनं. कोण नाचणाराय तिथं?"
कागदाच्या काळात खोडरबराची भुकटी तरी पडायची,
फुंकावी लागायची.
आता नुसता माऊस सरकवला.
ते नऊ इंच बेडरूममध्ये गेले, चौरस फुटाच्या भावानं.

गेल्या भाद्रपदात सहाव्या मजल्यावरचे शिखरे गेले.
हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. अक्षर असं
की पावती फाडून टाकवत नसे.
तिरडी वळणापर्यंत आली आणि वळेना.
उभी केली, तिरपी केली, कठड्यावरून बाहेर धरली,
कुणीतरी म्हणालं, कपाट कसं चढवलं होतं रे?
कुणीतरी म्हणालं, सुटं करून.
मग सगळे गप्प झाले.

लिफ्ट चार माणसांची.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं त्यांना,
उपरण्यानं बांधलं,
मुलानं हनुवटीखाली हात धरला, झोपलेल्या पोराला धरतात तसा.
आरशात दोघं दिसत होते, पुन्हा दोघं.
लिफ्टमधली बाई म्हणाली,
प्लीज क्लोज द डोअर.

मी खाली होतो, खांबाला टेकून.
खांब थोडा आत दबला.
शेजारी शिखऱ्यांचे कोणी पाहुणे, तासगावचे,
वर बघत म्हणाले, "बिल्डिंग झकास हाय पण.
बाहेरनं लई भारी दिसती."
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

परवा नवा प्लॉट आला, कुपवाडला.
शेठ आता बसत नाहीत, पुतण्या बघतो.
मी वळणात नऊ इंच घातले,
वर तीन आणखी, व्याज म्हणून.
त्यानं लगेच बोट ठेवलं, "हे काय वाढलंय?"
मी म्हणालो, फायरवाले अडवतात हल्ली.
माणूस आडवा जातो तिथनं,
हे तोंडापर्यंत आलं आणि वळेना.

त्यानं मान डोलावली. राहू दे म्हणाला.
जाताना दारातून म्हणाला,
"आणि काका, खांब काढा तेवढे."

आपल्यात काढणं म्हणजे रेखाटणंही
आणि उपटणंही.
मी विचारलं नाही, कुठलं.
फाईल उघडून बसलोय.